खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

माझी चावी साडेचार फुटांची आहे. लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. एकोणीस वर्षं मी पाणीखात्यात एवढंच केलं. सगळा वॉर्ड मला 'चावी' म्हणतो. खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय.

कुठल्या भागाला किती पाणी जातं ते नकाशावर दिसत नाही, ते फेऱ्यांत असतं. वरच्या वसाहतीला एकवीस फेरे, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. खालच्या गल्लीलाही कागदावर एकवीसच. प्रत्यक्षात मी देत होतो सहा. सहा फेऱ्यांत नळाला करंगळीएवढी धार येते आणि चाळीस मिनिटांत तीही जाते. हे सहा कोणी ठरवले? नगरसेवकाने. तोंडी. असल्या गोष्टी लेखी कोण देतो?

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उलटा आहे. चार वर्षांपूर्वी जुना फुटला तेव्हा गोदामात एकच नग शिल्लक होता, उलट्या आट्यांचा. तुमच्या घरातला नळ डावीकडे फिरवला की उघडतो. हा डावीकडे फिरवला की बंद होतो आणि उजवीकडे फिरवला की उघडतो. असा व्हॉल्व्ह बसवला की चेंबरचं झाकण लाल रंगवायचं आणि त्यावर बाण काढायचा, असा खात्याचा नियम आहे. मी रंगवलं नाही. त्या वर्षी आम्हाला काढून कंत्राटी माणसं घ्यायची बोलणी चालली होती. साहेब म्हणाले होते, चावी काय, कोणीही फिरवील. म्हटलं, फिरवा की! झाकली मूठ सव्वा लाखाची. बसवताना सोबत असलेला मुकादम पुढच्याच वर्षी गेला, आणि ते गुपित माझ्या एकट्याकडे राहिलं. मला त्याचा अभिमान होता. थुंकावंसं वाटतं आता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ताई टाकीवर आली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. खालच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ताईने मला वाढवलं, डब्यातल्या बटणांवर मोजायला शिकवलं. तिचा नवरा, आमचे दाजी, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, उजवं अंग लुळं. सहा फेऱ्यांच्या पाण्यात अंथरुणातल्या माणसाचं सगळं करायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी बहिणीलाही सहाच देत होतो.

पाण्याचं वाटप तपासा म्हणून तिने गल्लीत दारोदार फिरून एकशे बारा सह्या गोळा केल्या होत्या. दाजींनीसुद्धा डाव्या हाताने कोंबडीच्या पायासारखी सही केली होती. त्यावरून नगरपालिकेला जाहीर सुनावणी लावावी लागली.

"तू भाषण करू नकोस, छोट्या," ताई म्हणाली. "अधिकारी बाई विचारतील, खालच्या गल्लीला किती फेरे देता? तू आकडा सांगायचा आणि खाली बसायचं."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू म्हणतेस?"

"मासा कसला रे तो? शेवाळ आहे. पाय घसरेल म्हणून सगळे लांबून जातात, म्हणून वाढलंय."

"सुनावणीने काय होतं, ताई? ऐकतात आणि फाइल बांधून ठेवतात."

"पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून येतोस ना? मग उरलेली वर्षं तेच बोट तोंडावर ठेवायचं का?"

मी हसलो. तीही हसली. जाताना माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण बघून म्हणाली, "उद्या असा येऊ नकोस," आणि तिथेच उभ्या उभ्या टाचून दिलं.

सुनावणी नगरपालिकेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती. घडीच्या लोखंडी खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, पुढे टेबलामागे अधिकारी बाई. चष्मा, सर्दी, हातात रुमाल. खालची गल्ली सगळी आली होती. दारात मामा उभा होता. मामा म्हणजे नगरसेवकाचा माणूस. सख्खा भाचा एकही नाही, पण जगाचा मामा. त्याच्याबरोबर वीसेक जण. ते खुर्च्यांवर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंच होतं म्हणा.

अधिकारी बाईंनी मला उभं केलं. "खालच्या गल्लीच्या व्हॉल्व्हला तुम्ही किती फेरे देता?"

मी मामाकडे पाहिलं. त्याने काही केलं नाही. नुसता कान कोरत होता.

"एकवीस," मी म्हणालो.

हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तेवढाच आवाज झाला. मग ताई उठली. "बाई, आकडा खोटा आहे. हा माझा भाऊ आहे. याला मोजायला मी शिकवलंय, तेव्हा याला सहा आणि एकवीस यांतला फरक कळतो. तो घाबरलाय. त्याच्यावर रागावू नका, पण आकडा खोटा आहे एवढं लिहून घ्या."

बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात पहिली खुर्ची आली.

घडीची खुर्ची मिटली की तिचं हत्यार होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. दोन्ही हातांनी पाय धरायचे आणि पाठीची कड मारायची. पुढच्या रांगेतला म्हातारा शिक्षक हात वर करून "ऐका, ऐका" म्हणत होता. त्याच्या कोपरावर घाव बसला आणि हात तिथून भलत्याच दिशेला लोंबायला लागला. एका बाईला केसांनी धरून फरशीवरून ओढत नेलं. अधिकारी बाई टेबलाखाली वाकून कागद गोळा करत होत्या, त्यांच्या खांद्यावर खुर्ची आदळली. तरी त्यांनी कागद सोडले नाहीत. ताईच्या तोंडावर मामाने स्वतः मारलं. आधी मुठीने. ती पडली नाही, म्हणून मग खुर्चीने. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा. तिच्या तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले, आणि जबडा एका बाजूला सरकून तसाच राहिला.

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. ड्युटीवरून थेट आलो होतो, हातात साडेचार फुटांची लोखंडी चावी होती. मी ती उचलली नाही. मला कोणी हातही लावला नाही. एकवीस म्हणाल्याचं तेवढं बक्षीस.

फाटकाबाहेर पोलिसांची गाडी उभी होती. आतल्या दोघांनी काच वर केली.

निघताना मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शहाणा आहेस. आज खाली पाणी सोडायचं नाही." त्याच्या बोटांवर ताईचं रक्त होतं, ते माझ्या शर्टाला लागलं. तिने टाचलेल्या बटणाच्या अगदी शेजारी.

मी टाकीवर जाऊन बसलो. आपण बरं नि आपलं काम बरं, असं मनात घोकत होतो. ताईला शेजारच्या बायकांनी दवाखान्यात नेलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. टाकी उंचावर आहे, तिथून सगळा वॉर्ड दिसतो. एक वाजता खालच्या गल्लीतून धूर वर आला. आधी पांढरा, मग काळा. कापडाचा धूर काळा आणि जड असतो. ताईच्या घरात शिवायला आलेल्या कापडांचे गठ्ठे असतात. मशीनच्या खणात सह्यांचे मूळ कागद होते, नगरपालिकेत नुसती नक्कल दिली होती. आणि आतल्या खाटेवर दाजी.

मी चावी उचलून पळत सुटलो. आयुष्यात एवढा कधी पळालो नाही.

गल्लीच्या तोंडाशी मामाची माणसं रॉकेलचे रिकामे डबे फेकून परत निघाली होती. हसत होती. आगीचा बंब वरच्या चौकात त्यांच्याच दुसऱ्या टोळीने अडवून धरला होता, तो बोंबलत उभा होता. ताईच्या घराचा दरवाजा पेटला होता. लोक रिकाम्या बादल्या घेऊन नळापाशी उभे. नळ फुस् फुस् करत होते, थेंब नाही. शेजारचा वेल्डर तोंडाला फडकं बांधून दोनदा आत घुसला आणि दोन्हीदा भुवया जळून बाहेर आला. "पाणी! एक गोधडी भिजली तरी घेऊन येतो त्यांना!" तो ओरडत होता. आतून दाजींच्या खोकल्याचा आवाज येत होता. तो ऐकू येत होता म्हणून सगळ्यांना धीर होता.

मी झाकण उपटलं, चावी बसवली आणि उजवीकडे एक फेरा दिला.

गल्लीने काय पाहिलं? दोन तासांपूर्वी भर सभेत खोटं बोललेला माणूस चेंबरवर वाकलाय आणि चावी उजवीकडे फिरवतोय. नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"बंद करतोय! हरामखोर बंद करतोय!"

माझ्या पाठीत लाथ बसली. मी तोंडावर आपटलो. वेल्डरने माझ्या हातातून चावी हिसकली, ती मी सोडेना, तेव्हा त्याने माझा उजवा हात चेंबरच्या कडेवर दाबला आणि चावीच्या मुठीने ठेचला. एकदा, दोनदा. तीन बोटं गेली. मग चावी घालून त्याने सगळा जोर लावून डावीकडे फिरवली. मी उघडलेला एक फेरा बंद झाला. पुढे चावी हलेना.

"जाम करून ठेवलंय याने! पाइप आणा, दांड्यात घाला!"

"उजवीकडे!" मी ओरडलो. "उलटा आहे तो! उजवीकडे फिरव!"

"परत खोटं?" कोणीतरी माझ्या तोंडावर बुटाने मारलं. कोणीतरी छातीवर बसलं. मी सांगत होतो, ते मारत होते. डावीकडे जोर लावून आतला दांडा पिळून तुटला असता तर ब्रह्मदेव आला तरी पाणी सुटलं नसतं. तेही मी सांगत होतो. पण तोंडात रक्त होतं आणि त्या रक्तातून जे येत होतं ते सगळं खरं होतं, आणि एकालाही ते खरं वाटत नव्हतं. त्यांचं काय चुकलं? सकाळी त्यांनी मला शुद्धीत, स्वच्छ शर्टात खोटं बोलताना ऐकलं होतं. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

किती वेळ गेला? चार मिनिटं. नंतर सगळ्यांनी तेवढीच सांगितली. त्यातल्या तिसऱ्या मिनिटाला दाजींचा खोकला थांबला.

मग गर्दी फाटली आणि ताई आली. ती दवाखान्यात गेलीच नव्हती. घराच्या मागच्या खिडकीचे गज उचकटून बघत होती. पदर जळलेला, हात भाजलेले, जबडा ओढणीने डोक्याशी बांधलेला. तिला बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"ताई," मी म्हणालो. "उजवीकडे. आईची शपथ."

तिच्याकडे माझ्यावर विश्वास ठेवायला एकही कारण नव्हतं. मी तिला सभेत खोटं पाडलं होतं, तिचं तोंड फुटताना बघत उभा होतो, वर्षानुवर्षं तिचं पाणी चोरत होतो. ती वाकली. पाइप घालणाऱ्या वेल्डरला कोपराने बाजूला केलं. भाजलेल्या हातांनी मूठ धरली आणि उजवीकडे रेटली. घट्ट आवळलेला व्हॉल्व्ह हलेना. मग वेल्डरने तिच्याकडे पाहिलं, पलीकडची बाजू धरली आणि दोघांनी मिळून उजवीकडे जोर लावला.

कर्र झालं. एक फेरा. दोन. मी जमिनीवर पडल्या पडल्या मोजत होतो. सहाला नळांतून धार आली. लोक बादल्या घेऊन धावले. मी मोजत राहिलो. दहा, पंधरा, एकवीस. खालच्या गल्लीने एकवीस फेऱ्यांचं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. नळाची तोटी उडाली, पाणी समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. वेल्डर भिजलेली गोधडी पांघरून आत शिरला आणि दाजींना खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आला.

त्यांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. धुरानेच गेले होते. ताईने त्यांच्या तोंडावरची काजळी ओल्या फडक्याने पुसली. पाणी भरपूर होतं.

पोलिसांनी लिहिलं, अज्ञात जमाव. अज्ञात! त्यातल्या नऊ जणांच्या घरी मी रोज पाणी सोडतो.

दवाखान्यात वेल्डर माझ्या खाटेशी येऊन बसला. माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि ढसाढसा रडला. "डावीकडे मी फिरवलं, चावी. मी मारलं त्यांना." मी म्हणालो, "तुझी चूक नाही." कोणाची, ते सांगितलं नाही. झाकण लाल रंगवायचा नियम गल्लीत कोणाला माहीत असणार? तो मला माहीत, आणि खात्यातल्या एका धूळ खाणाऱ्या पुस्तकाला.

अकराव्या दिवशी निरोप आला. सुनावणी तहकूब झाली होती, रद्द नव्हती. अधिकारी बाईंनी खांद्याला पट्टा बांधून पुन्हा तारीख लावली होती. त्याच हॉलमध्ये. मला वाटलं, कुत्रं येणार नाही. गेलो तर बसायला जागा नाही. मोडलेल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या, लोक जमिनीवर बसले होते. शिक्षकाचा हात गळ्यात बांधलेला. सह्यांचे कागद जळले, म्हणून गल्लीने नवे केले होते. पहिल्या रांगेत ताई, जबडा तारांनी शिवलेला. दारात मामा होताच.

"खालच्या गल्लीला किती फेरे?"

"सहा," मी म्हणालो.

"मागच्या वेळी एकवीस म्हणालात."

"खोटं बोललो."

"का?"

"भीती वाटली."

"आता वाटत नाही?"

"वाटते की. तो दारात उभा आहे."

सगळा हॉल मान वळवून दाराकडे बघायला लागला. शंभर-दीडशे माणसं नुसती बघत होती, मोडलेल्या हाडांची, भाजलेल्या कातड्यांची. मामाने कान कोरायला बोट वर नेलं आणि तसंच खाली आणलं. मग तो खिशातला फोन काढून बाहेर निघून गेला. उद्या परवा तो माझ्याकडे येणार आहे, हे मला ठाऊक आहे. येऊ दे.

"आणखी काही नोंदवायचं आहे?" बाईंनी विचारलं. नेहमीचा प्रश्न. नाही म्हणायचं आणि बसायचं.

मी ताईकडे पाहिलं. जगात माझं म्हणावं असं ते एकच माणूस. हे बोललो की तेही जाणार. मागे वेल्डर भिंतीशी बसला होता. तो अकरा दिवसांत निम्मा झाला होता.

"हो," मी म्हणालो. "तो व्हॉल्व्ह उलटा आहे. मीच बसवलाय. झाकण लाल रंगवून बाण काढायचा नियम आहे. मी मुद्दाम रंगवलं नाही, माझ्यावाचून कोणाचं चालू नये म्हणून. रंग असता तर वेल्डरने पहिल्याच फटक्याला उजवीकडे फिरवलं असतं. ती चार मिनिटं त्याची नाहीत. माझी आहेत. दाजी माझ्यामुळे गेले."

वेल्डरने गुडघ्यांत डोकं घातलं. त्याचे खांदे हलायला लागले.

ताई उठली. सावकाश चालत माझ्यापाशी आली आणि माझ्या कानाखाली असा जाळ काढला की मी टेबलावर आदळलो. भाजलेल्या हातावरची तिची पट्टी सुटली. तिने दुसऱ्यांदा हात उचलला आणि तो वरच राहिला. तिच्या तारांमधून एक आवाज आला, तो शब्द नव्हता. मी तोंड वर करून उभा होतो. मला तेव्हा मेलेलं बरं वाटत होतं.

अधिकारी बाईंनी रुमालाने नाक पुसून माझा जबाब पुढे सरकवला. "सही करा."

मी प्लास्टरचा हात दाखवला.

"मग डाव्या हाताचा अंगठा चालेल. पण ही व्यक्ती आपल्या ओळखीची आहे, अशी खाली कोणालातरी सही द्यावी लागेल. त्याशिवाय जबाब धरता येत नाही." त्यांनी हॉलकडे पाहिलं. "यांना ओळखणारं कोणी आहे?"

एकोणीस वर्षं मी या लोकांच्या दारात पाणी सोडतोय. एकही हात वर झाला नाही. मी शाईत बुडवलेला अंगठा तसाच हवेत धरून उभा राहिलो.

ताईने वर उचललेला हात खाली आणला. बाईंच्या समोरचं पेन घेतलं. बोटांना धरवत नव्हतं, म्हणून मुठीत धरलं आणि वाकून लिहायला लागली. बराच वेळ लागला तिला. कागदावर पट्टीतलं थोडं रक्त लागलं, ते तिने बाहीने टिपलं.

अधिकारी बाईंनी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. "साक्षीदाराचं नातं, बहीण. जबाब देणारा धाकटा भाऊ. कोणाची हरकत?"

मग भिंतीपाशी वेल्डर उठून उभा राहिला. त्याने बाहीने डोळे पुसले.

"हरकत नाही," तो म्हणाला.